अरुंद रूळ आणि खेळातल्या विटा

आगगाडीचा इतिहास म्हटला, की डोळ्यांपुढे उभ्या राहतात त्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मोठमोठी स्थानके आणि नद्यांवरचे पूल. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीची कथा आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु या राजमार्गाच्या इतिहासाशेजारी लोहमार्गाचा आणखी एक, पाऊलवाटेसारखा इतिहास आहे. त्या गाड्यांना वेळापत्रक नव्हते, तिकीट नव्हते, पुष्कळदा नावही नव्हते. खाणीतला दगड, शेतातला ऊस किंवा बीट, भट्टीतल्या विटा, जंगलातली लाकडे वाहून नेणे एवढेच त्यांचे काम. रुळांमधले अंतर जेमतेम दोन फूट, इंजिन एखाद्या बैलगाडीएवढे आणि मागे आठ-दहा लहान वाघिणी. काम संपले, की रूळ उचलायचे आणि दुसरीकडे टाकायचे. ज्या जमिनीवरून या गाड्या धावल्या, तेथे त्यांची खूणही बहुधा उरलेली नाही.

अशा विस्मृत गाड्यांची आठवण आज एका अनपेक्षित ठिकाणी जतन होत आहे. युरोपात, अमेरिकेत आणि इतरत्रही असंख्य हौशी मंडळी, त्यांत मुलांइतकीच प्रौढ माणसेही, एकमेकींत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांतून या औद्योगिक नॅरोगेज गाड्यांच्या प्रतिकृती उभारतात. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण हे रूळ आणि या विटा यांचे नाते नुसत्या नकलेचे नाही. दोहोंच्या मुळाशी एकच कल्पना आहे, आणि त्या कल्पनेचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

या कथेचा आरंभ वेल्समधल्या डोंगरांत होतो. ज्या दगडाच्या पाटीवर जुन्या पिढ्यांनी अक्षरे गिरवली, तो पाटीचा दगड वेल्सच्या उत्तर भागात विपुल सापडतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कारखान्यांच्या आणि कामगारवस्त्यांच्या छपरांसाठी या दगडाच्या कौलांना फार मोठी मागणी आली. ब्लायनाउ फेस्टिनिओगच्या खाणींतून हा माल पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत न्यायचा, तर वाटेत डोंगरउतार, दऱ्या आणि अरुंद कडे. मोठ्या मापाचा लोहमार्ग तेथे परवडणारा नव्हता. म्हणून १८३६ साली तेथे सुमारे साडेतेरा मैलांचा, दोन फुटांहून किंचित कमी रुंदीचा मार्ग सुरू झाला. त्याची आखणी अशी कुशलतेने केली होती, की खाणीपासून बंदरापर्यंत उतार जवळजवळ अखंड राहावा. भरलेल्या वाघिणी इंजिनावाचून, केवळ आपल्या भाराने खाली घरंगळत येत. त्यांवर ब्रेक सांभाळणारे कामगार असत. त्याच गाडीच्या एका वाघिणीत घोडेही उभे असत. बंदरावर माल उतरला, की हेच घोडे रिकाम्या वाघिणी ओढत पुन्हा डोंगर चढत.

पुढे मागणी वाढली आणि घोड्यांची शक्ती अपुरी पडू लागली. एवढ्या अरुंद रुळांवर वाफेचे इंजिन चालणे अशक्य आहे, असे त्या काळचे अनेक जाणकार म्हणत. परंतु १८६३ साली जॉर्ज इंग्लंड यांच्या कारखान्यातली लहान इंजिने या मार्गावर आली आणि ती शंका फिटली. नंतर प्रश्न आला तो शक्तीचा. इंजिन लांब केले, तर ते तीव्र वळणावर अडते आणि आखूड ठेवले, तर त्याची ताकद कमी पडते. रॉबर्ट फेअर्ली या अभियंत्याने यावर तोड काढली. त्याने इंजिनाला दोन्ही टोकांना धुराडी असलेला जोडबॉयलर दिला आणि त्याखाली स्वतंत्रपणे वळणाऱ्या चाकांच्या दोन बोगी बसवल्या. ‘लिट्ल वंडर’ नावाच्या अशा इंजिनाच्या चाचण्या १८७० साली झाल्या, तेव्हा रशियाच्या सरकारनेही आपले निरीक्षक तेथे पाठवले होते. एका खाणीच्या मालगाडीकडे साऱ्या जगाचे लक्ष लागले. डोंगराळ आणि धनहीन प्रदेशांत लोहमार्ग स्वस्तात नेता येईल, ही आशा त्या चाचण्यांनी दाखवली.

फेस्टिनिओगचा मार्ग अरुंद होता, पण तो कायमचा मार्ग होता. रूळ स्वतःच एक हलवता येणारी वस्तू आहे, ही पुढची कल्पना फ्रान्समध्ये जन्मली. पॅरिसच्या दक्षिणेस पेती-बूर येथे पॉल दकोव्हिल या गृहस्थांची मोठी शेती होती. १८७५ च्या सुमारास त्यांच्या शेतात बिटाचे पीक उदंड आले, पण पावसाने जमीन इतकी भिजली होती, की गाड्यांची चाके चिखलात रुतू लागली. डोळ्यांदेखत पीक सडण्याची वेळ आली. दकोव्हिल यांनी लोखंडाचे दोन हलके रूळ आडव्या पट्ट्यांवर पक्के जोडून शिडीसारखे तुकडे तयार करवले. हे तुकडे शेतात एकापुढे एक ठेवायचे, त्यांवरून छोट्या वाघिणी ढकलायच्या आणि वाफा रिकामा झाला, की तुकडे उचलून पुढच्या वाफ्यात न्यायचे. एकेक तुकडा दोन माणसांना सहज उचलता येई. तो टाकण्यासाठी अभियंता लागत नसे, खडी लागत नसे, खिळाही लागत नसे.

हे साधन शेतीपुरते राहिले नाही. दकोव्हिल यांच्या कारखान्यातून सरळ तुकडे, वळणाचे तुकडे, सांधे आणि वाघिणी ठरावीक मापांत तयार होऊ लागल्या. रुळांमधले अंतर ४००, ५०० किंवा ६०० मिलिमीटर. ग्राहकाने आपल्या गरजेप्रमाणे संच मागवावा आणि जागेवर जोडावा. १८८९ साली पॅरिसमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ६०० मिलिमीटर मापाची सुमारे ३ किलोमीटरांची गाडी त्यांनी चालवून दाखवली. रस्त्याकडेच्या झाडांच्या इतक्या जवळून ती जाई, की डोके बाहेर काढू नये, अशा सूचना अनेक भाषांत लावाव्या लागल्या. प्रदर्शनाच्या सहा महिन्यांत ६० लाखांहून अधिक लोक त्या गाडीत बसले. ज्या गाडीचा जन्म चिखलात झाला होता, तिला अशी राजधानीत प्रतिष्ठा मिळाली. जर्मनीत १८७६ साली स्थापन झालेल्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कंपनीने हाच व्यवसाय जगभर पसरवला.

या दोन फुटी जगाशी महाराष्ट्राची ओळख आहे ती माथेरानमुळे. नेरळहून माथेरानला चढणारी आणि १९०७ साली सुरू झालेली गाडी दोन फुटी मापाची आहे आणि तिची पहिली इंजिने ओरेन्स्टाइन आणि कोपेल यांच्याच कारखान्यातली होती. तिच्याही आधी, १८९७ साली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली आणि अरुंद मार्गावरूनही पुष्कळ भार वाहता येतो, हे सिद्ध करून दाखवले. पुढे हीच गाडी वारकऱ्यांना पंढरपूरला नेऊ लागली. माथेरानची आणि बार्शीची या दोन्ही गाड्या प्रवाशांच्या होत्या, औद्योगिक नव्हत्या. तथापि खाणी आणि शेते यांनी सिद्ध केलेल्या तंत्रानेच त्यांना वाट करून दिली होती.

पहिल्या महायुद्धात या रुळांना भीषण काम मिळाले. पश्चिम आघाडीवर तोफांच्या माऱ्याने रस्ते नाहीसे झाले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी ६०० मिलिमीटर मापाचे हलके रूळ चिखलातून थेट खंदकांपर्यंत नेले. जाताना दारूगोळा आणि येताना जखमी सैनिक, असा त्यांचा क्रम असे. त्यासाठी हजारो वाघिणी आणि शेकडो इंजिने बांधली गेली. वाफेच्या इंजिनाचा धूर दिवसा शत्रूला दिसतो, म्हणून पेट्रोलवर चालणारी लहान इंजिने पुढे आली. युद्ध संपल्यावर हा सारा सरंजाम स्वस्तात विकला गेला. इंग्लंडमधल्या लेटन बझर्ड येथे १९१९ साली वाळू वाहणारी गाडी याच युद्धशेष मालातून उभी राहिली. अमेरिकेत बाल्डविन कारखान्याने ब्रिटिश सैन्यासाठी बांधलेली काही इंजिने तर भारतातल्या साखर कारखान्यांत आली. अनेक दशके उसाच्या वाघिणी ओढून झाल्यावर त्यांतली काही इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी परत नेली आणि दुरुस्त करून पुन्हा रुळांवर आणली.

नंतर मालमोटार आली. जी वाट रुळांशिवाय चालता येते, तिच्यासाठी रूळ कोण टाकणार? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत युरोपातल्या औद्योगिक नॅरोगेज गाड्या एकामागून एक बंद पडल्या. रूळ मोडीत गेले, वाघिणींत कोणी फुलझाडे लावली. वेल्समध्ये मात्र सामान्य नागरिकांनी एक नवा पायंडा पाडला. टालिलिन येथील खाणीची गाडी १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली आणि फेस्टिनिओगची बंद पडलेली गाडीही १९५५ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा धावू लागली. जी वस्तू उपयोगातून जाते, तिच्याविषयी प्रेम उत्पन्न होते, असा काहीसा मनुष्यस्वभावच दिसतो.

नेमक्या याच काळात डेन्मार्कमधल्या एका लहान गावी खेळण्यातली वीट आकार घेत होती. जटलंड प्रांतातल्या बिलुंड गावचे ओले कर्क क्रिस्टियानसेन हे व्यवसायाने सुतार. जागतिक मंदीत घरबांधणीची कामे थांबली, तेव्हा १९३२ साली त्यांनी लाकडी खेळणी करायला घेतली. ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून १९३४ साली त्यांनी आपल्या उद्योगाला ‘लेगो’ हे नाव दिले. युद्धानंतर त्यांनी प्लॅस्टिक ओतण्याचे यंत्र विकत घेतले. इंग्लंडमध्ये हिलरी पेज या खेळणीकाराने एकमेकींवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा आधीच काढल्या होत्या. त्यांचा नमुना समोर ठेवून १९४९ साली बिलुंडमध्ये तशा विटा तयार झाल्या. पण त्या सैल बसत आणि उंच रचना ढासळे. १९५८ साली विटेच्या पोटात पोकळ नळ्या बसवण्याची युक्ती सापडली. एका विटेच्या डोक्यावरची गोल बटणे दुसरीच्या पोटातल्या नळ्यांत घट्ट धरली जाऊ लागली. लहान मुलाच्या हातांनी जोडता यावी, सुटी करता यावी आणि तरीही रचना टिकावी, हे तीन परस्परविरोधी हेतू एका साध्या नळीने साधले. त्याच वर्षी ओले कर्क निवर्तले आणि त्यांचे पुत्र गोडफ्रेड यांनी हा उद्योग पुढे नेला.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. बिलुंडचा परिसर म्हणजे मूळचा रेताड, झुडपांचा माळ. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने आपला दक्षिणेकडचा सुपीक मुलूख गमावला आणि मग त्या देशाने आपल्याच ओसाड जमिनी लागवडीखाली आणण्याचा उद्योग आरंभला. एन्रिको डालगास यांच्या पुढाकाराने १८६६ साली त्यासाठी एक संस्था स्थापन झाली. त्या माळाला चुनखडीयुक्त मातीची गरज होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही माती जटलंडच्या शेतांत पोहोचवली ती हलवता येणाऱ्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाड्यांनी. आज येथे, उद्या पलीकडच्या शेतात, असे ते रूळ माळभर फिरत. ज्या प्रदेशात दकोव्हिलची कल्पना मातीत राबत होती, त्याच प्रदेशात तिची धाकटी बहीण खेळण्याच्या रूपाने जन्माला आली. एकीने दुसरीला जन्म दिला, असे म्हणण्यास आधार नाही. पण दोघींचा स्वभाव एकच आहे. ठरावीक मापाचा तुकडा एकदा नीट घडवायचा, मग तो कोणीही, कोठेही, कसाही जोडावा, काम होताच सुटा करावा आणि पुन्हा नव्या कामाला लावावा.

लेगोच्या विटांना रूळ मिळाले ते १९६६ साली. निळे रूळ, पांढऱ्या पट्ट्यांचे स्लीपर आणि ४.५ व्होल्टच्या विजेवर चालणारे इंजिन, असा तो संच होता. हे रूळ बऱ्यापैकी रुंद होते. दोन्ही रुळांमधले अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर. पुढे १९७८ मध्ये लेगोची चिमुकली माणसे आली. त्यांची उंची सुमारे ४ सेंटीमीटर. खऱ्या माणसाच्या उंचीशी ताडून पाहिले, तर हे प्रमाण साधारण एकास बेचाळीस पडते आणि त्या हिशेबाने खेळण्यातले रूळ जवळजवळ १६०० मिलिमीटरांचे, म्हणजे आपल्या भारतीय ब्रॉडगेजच्या जवळपास जाणारे ठरतात! औद्योगिक गाडी बांधू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती येथे. चिमुकल्या माणसाच्या मापाने ६०० मिलिमीटरांचा मार्ग करायचा, तर दोन रुळांत केवळ १४ मिलिमीटर अंतर हवे. विटेवरच्या एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर असते. म्हणजे सारी गाडी दोन बटणांच्या रुंदीच्या रुळांवर उभी राहायला हवी.

यातून दोन वाटा निघाल्या. काहींनी रूळच अरुंद केले. विटांच्या पातळ पट्ट्या आडव्या लावून, किंवा इतर छोट्या आगगाड्यांचे तयार रूळ घेऊन त्यांनी मार्ग बांधले. लहान प्रमाणाचे रूळ मोठ्या प्रमाणाच्या गाडीखाली घालून नॅरोगेज साधण्याची ही युक्ती मॉडेल आगगाड्यांच्या छंदात आधीपासून रुळलेली होती. पश्चिम जर्मनीतल्या एगर-बान या कारखान्याने १९६३ पासून ९ मिलिमीटरांच्या रुळांवर अशाच औद्योगिक गाड्या विकायला काढल्या होत्या. दुसरी वाट याच्या उलट आहे. रूळ आहेत तेच ठेवायचे आणि त्यांनाच ६०० मिलिमीटरांचे मानायचे. मग प्रमाण एकास सोळा होते आणि दीड मीटर रुंदीचे खरे इंजिन टेबलावर सुमारे बारा बटणांच्या रुंदीचे होते. या मापात ब्रेकचा दांडा, वाफेची नळी, कोळशाची पेटी, चालकाचे आसन असे बारकावे दाखवायला पुरेशी जागा मिळते.

दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांना एक गोष्ट उमगते. खेळण्यातली मोठी गाडी नेहमी थोडी खोटी असते. लेगोच्या वळणाचे १६ तुकडे जोडले, की पूर्ण वर्तुळ होते आणि त्याची त्रिज्या अवघी ३२ सेंटीमीटर भरते. कोणतीही खरी मेलगाडी इतक्या तीव्र वळणावर उभीही राहू शकणार नाही. परंतु हेच वर्तुळ एकास सोळा या प्रमाणात मोजले, तर त्याची त्रिज्या पाच मीटरांच्या घरात जाते आणि हाताने ढकलायच्या वाघिणींसाठी तशी वळणे खरोखरच टाकली जात. टेबलाच्या कोपऱ्यात वळणारी, चार वाघिणींची, सावकाश जाणारी गाडी ही मोठ्या गाडीची अपुरी नक्कल ठरते, पण खाणीतल्या गाडीचे मात्र ते यथार्थ चित्र असते. या विषयाकडे माणसे ओढली जातात, त्याचे एक कारण हे आहे. कमी जागेत आणि थोड्या तुकड्यांत येथे सत्याच्या जवळ जाता येते.

बांधताना येणाऱ्या अडचणीही जुन्या अभियंत्यांच्याच आहेत. इंजिन लांब झाले, की चाके वळणावर घासून थांबतात. मग ते दोन बोगींवर ठेवावे लागते, म्हणजेच फेअर्लीने काढलेली तोड टेबलावर पुन्हा काढावी लागते. लहान इंजिनाच्या पोटात विजेची मोटार मावत नाही, तेव्हा ती मागच्या वाघिणीत लपवली जाते आणि इंजिन ओढण्याचे नुसते सोंग करते. तिरक्या बाजूंची, कलंडून माल ओतणारी वाघीण तर विशेष कसोटी पाहते, कारण विटेला मुळात सरळ कोपरे प्रिय. तेथे विटेचे गणित कामी येते. पातळ पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर. अशा पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या, की १६ मिलिमीटर होतात, म्हणजे बरोबर दोन बटणांची रुंदी. हे जुळते म्हणून वीट आडवी करूनही बाकीच्या रचनेत चपखल बसवता येते आणि तिच्यातून उतार, कडा, डोली असे आकार साधतात. दिलेल्या तुकड्यांतूनच मार्ग काढायचा, नवा तुकडा घडवायचा नाही, ही या छंदाची मर्यादा आहे. खाणीतल्या लोहारानेही मोडलेली वाघीण हाताशी असलेल्या लोखंडातूनच सांधली होती.

येथपर्यंतची कथा कौतुकाची आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. या प्रतिकृतीत काय येते आणि काय गळते?

लेगोची चिमुकली माणसे १९७८ साली आली, तेव्हा सर्वांचा चेहरा एकच होता आणि तो हसरा होता. त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, निराळे चेहरे आले. खाणीतल्या वाघिणीशेजारी असा हसरा पिवळा माणूस उभा केला, की चित्र गोड दिसते. वेल्सच्या खाणीतला माणूस मात्र दगडाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे घेत होता आणि त्याची छाती त्या धुळीने निकामी होत होती. पेनरिन येथील खाणीला स्वतःची अरुंद मापाची गाडी होती. तेथे १९०० ते १९०३ अशी तीन वर्षे कामगारांचा लढा चालला. खाणीचे मालक लॉर्ड पेनरिन कामगारांची संघटना मानायला तयार नव्हते. ज्या घरांतले पुरुष कामावर परतले नव्हते, त्या घरांच्या खिडक्यांत ‘या घरात कोणी फितूर नाही’ अशा अर्थाचे वेल्श भाषेतले कागद लावलेले असत. तीन वर्षांच्या उपासमारीनंतर कामगार हरले. गावात शेजाऱ्याशेजाऱ्यांत पडलेली फूट मात्र पिढ्यान्‌पिढ्या बुजली नाही. त्या कागदांना विटांच्या खेळात जागा कोठे असते?

या संदर्भात आणखी एक घटना बोलकी आहे. लेगोने खास खाणीच्या गाडीसाठी अरुंद रूळ बाजारात आणले ते २००९ मध्ये, ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ या १९८४ च्या हॉलिवूड चित्रपटावर आधारलेल्या एका संचात. या चित्रपटाची कथा भारतात घडते आणि खलनायकाची भूमिका अमरीश पुरी यांनी केली आहे. त्यातली खाण आणि त्यातला भारत दोन्ही काल्पनिक आहेत आणि खाणीतल्या वाघिणींचा जो पाठलाग गाजला, त्याचा बराचसा भाग खुद्द बाहुल्या आणि छोट्या रुळांच्या प्रतिकृतींवरच चित्रित झाला होता. पण त्या कथेत खाण खणणारी आहेत ती पळवून आणलेली मुले. चित्रपटातून खेळण्यात येताना पाठलागाचा थरार अगत्याने आला. ज्यांच्या कष्टांवर ती वाघीण भरत होती, त्यांचे दुःख मागे राहिले. मुलांच्या खेळण्यात मुलांच्या गुलामीचे चित्र असावे, असे कोणी म्हणणार नाही. तरीही काय मागे राहते, ते मोठ्यांनी ओळखून असावे.

अर्थात हा दोष विटेचाच आहे, असे मानणे अन्यायाचे होईल. दिवाळीत महाराष्ट्रातली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. त्यावर मावळे असतात, तोफा असतात, शिवाजी महाराजांचे सिंहासन असते. तो किल्ला बांधताना ज्यांनी डोक्यावरून दगड वाहिले, ते गवंडी आणि बिगारी त्यात नसतात. लहान प्रतिकृती इतिहासाला हाताच्या आवाक्यात आणते, पण त्यासाठी ती त्याचा भार कमी करते. भार कमी झाल्याशिवाय वस्तू हातात मावत नाही आणि हातात आल्याशिवाय तिच्याविषयी कुतूहल जागे होत नाही.

म्हणूनच या छंदात ज्यांनी खरी प्रगती केली, त्यांच्याकडे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या टेबलावर नुसते इंजिन नसते. विटभट्टी असते, दगड फोडायची पडवी असते, वाघीण ढकलणारी दोन माणसे असतात, रुळावरून घसरलेले चाक तरफेने उचलणारी टोळी असते. अशी रचना करायची, तर माणूस कागदपत्रांकडे, जुन्या छायाचित्रांकडे आणि संग्रहालयांकडे वळतो. कोणत्या खाणीत वाघीण कोण ढकलत असे, दिवसाला किती खेपा होत, ब्रेक दाबणारा कोठे उभा राही, हे प्रश्न त्याला पडू लागतात. खेळ सुरू होतो तो यंत्राच्या मोहाने, पण नीट खेळला, तर तो माणसापर्यंत पोहोचतो.

दकोव्हिलचे रूळ उचलण्यासाठीच टाकलेले होते. त्यामुळे जगातल्या या सर्वांत कष्टाळू आगगाडीने आपले स्मारक मागे ठेवले नाही. किल्ल्यांचे बुरूज उरतात, मोठ्या लोहमार्गांचे पूल उरतात. बिटाच्या शेतातून, मातीच्या खाणीतून, खंदकांच्या चिखलातून गेलेल्या या वाटेवर पुन्हा नांगर फिरला. विटांची गाडीही तशीच सुटी होऊन उद्या डब्यात जाईल. पण तोवर कोणाच्या तरी हातांनी त्या वाटेचे माप पुन्हा एकदा घेतलेले असते. त्या मापात गाडी ढकलणाऱ्या माणसालाही जागा मिळाली, तर हा खेळ इतिहासाच्या कामी आला, असे खुशाल म्हणावे.